घातक कचऱ्याचा नकाशा करताना

मी नागपुरात अकरावीला भूगोल शिकवते. दरवर्षी मुलांकडून एक नकाशा करून घेते: घातक कचरा जातो कुठं, आणि त्याच्या शेजारी राहतं कोण. तुम्हालाही घरबसल्या सुरुवात करता येईल.

आधी रंग ठरवा. बुटीबोरीचं घातक कचऱ्याचं केंद्र लाल, शहराचा कचरा जातो ते भांडेवाडीचं डम्पिंग यार्ड हिरवं, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांचे राखेचे तलाव करडे. हे तिन्ही एकत्र कालवू नका. घातक कचऱ्याला २०१६ चे नियम आहेत, औष्णिक केंद्राची राख त्यांत धरत नाहीत.

आता मुख्य काम. गावाच्या हद्दीवरून मोजू नका. केंद्र शिवेला लागून असेल तर पलीकडची वस्ती हिशेबातून सुटते, धूर काही शीव पाहून थांबत नाही. गूगल अर्थमध्ये खुणेभोवती १, ३ आणि ५ किलोमीटरची वर्तुळं काढा. आत येणाऱ्या गावांची लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमातींचे आकडे २०११ च्या जनगणनेतून घ्या. गावाचा रकबा अर्धाच आत येत असला तर गावठाण कुठल्या बाजूला आहे ते बघा, नुसती लोकसंख्या अर्धी करू नका. घातक कचऱ्याच्या शेजारी कुठल्या वंशाचे लोक राहतात, याच्या अमेरिकेतल्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात पिनकोडनिहाय मोजणी होती. पुढच्या संशोधकांनी अंतरानं मोजलं, तेव्हा विषमता आणखी मोठी निघाली.

मग गावात जा. आधी कोण आलं, वस्ती की कंपन्या, हे विचारल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. माझ्या मुलींनी एका आजोबांना विचारलं. ते विहिरीच्या थारोळ्यावर बसले होते. थारोळ्यात कोरलेलं साल बोटानं दाखवत म्हणाले, "हे पाय पोरी, विहीर पयले. कंपन्या मंग आल्या." जुन्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिलं, बरोबर निघालं.

शेवटी एक खूण पोकळ ठेवा: जिथं येणार होतं, पण लोकांनी येऊ दिलं नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा २०११ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या बोरखेडीला जाळायचं ठरत होतं. विरोध झाला, कोर्टात गेलं, थांबलं. जानेवारी २०२५ मध्ये तोच कचरा मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला गेला. बोरखेडीला पोकळ वर्तुळ काढा, पीथमपूरला भरीव, आणि दोघांना रेघेनं जोडा.