पराक्रम पदकाची नोंद कशी लागली : माझा अनुभव

१९९९ ला कारगिलमध्ये शेलचा तुकडा मांडीत घुसला. जखम भरली, पण डिस्चार्ज बुकात (सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या सेवापुस्तकात) पराक्रम पदकाची नोंद राहूनच गेली. पूर्वी याला वुंड मेडल म्हणत. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यालाच ते मिळतं, साध्या अपघाताला नाही. माझे दोन अर्ज परत आले, कारण जखम कशाने झाली याचा कागदच मी जोडला नव्हता. अपशिंग्याचे एक सुभेदार आबा म्हणाले, "आधी बॅटल कॅज्युअल्टीची, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची, नोंद शोध, बाबा." जुन्या ट्रंकेत मेडिकल बोर्डाचे कागद होते, त्यातच ती सापडली! झेरॉक्स जोडून साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाला, पाठवला. पदक आलं. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा. आईने ते आधी देव्हाऱ्यात ठेवलं.