जुन्या थराराचा रिमेक करताय? निदान या चुका टाळा

पोळा सरला की माझ्या दारात संहिता यायला लागतात. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम दिवाळीनंतर मंडईपासून (गावोगावच्या जत्रेपासून) सुरू होतो, त्यामुळे नव्या लेखकांची धावपळ त्याआधीच चालू असते. अलीकडे त्यात एक नवा प्रकार फार दिसतो. पोट्टे मोबाइलवर एखादा गाजलेला परदेशी मारेकरीपट पाहतात, नावं बदलतात, पॅरिसच्या जागी नागपूर टाकतात आणि "सर, रिमेक केला" म्हणत वही पुढं करतात. काही जण नाटकाऐवजी यूट्यूबसाठी अर्ध्या तासाची फिल्म काढतात. माध्यम वेगळं, चुका त्याच. आणि ह्याच चुका हॉलीवूडनं १९९७ साली हाताशी रग्गड पैसा आणि मोठमोठे नट असताना केल्या. तो सिनेमा पाहून मला झालेला त्रास अजून गेलेला नाही.

मी बोलतोय ते 'द डे ऑफ द जॅकल'बद्दल. फ्रेडरिक फोर्साइथची कादंबरी १९७१ची, फ्रेड झिनेमन यांचा सिनेमा १९७३चा. आणि त्याच्यावरून १९९७ साली काढलेला 'द जॅकल'. हे दोन सिनेमे लागोपाठ दोन रात्री पाहिले तर रिमेक कसा करू नये याचं दुसरं शिक्षण लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक: 'काय' उचललं आणि 'कसं' सोडलं

जुन्या सिनेमाची गोष्ट अशी. १९६२ साली फ्रान्सच्या ताब्यातला अल्जीरिया स्वतंत्र झाला. फ्रान्समधले काही लष्करी अधिकारी त्यामुळे चिडले आणि त्यांच्या ओएएस या गुप्त संघटनेनं राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायचं ठरवलं. २२ ऑगस्ट १९६२ला पॅरिसजवळ प्ती-क्लामार इथं द गॉल यांच्या गाडीवर खरोखरच गोळीबार झाला, ते वाचले, आणि कटाचा म्होरक्या बास्तियाँ-तिरी याला मार्च १९६३मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. इथवर इतिहास. इथून पुढं कल्पना: संघटना एका परक्या भाडोत्री मारेकऱ्याला सुपारी देते.

आता बघा. द गॉल १९७०च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या घरी वारले. म्हणजे कादंबरी आली तेव्हाच जगाला ठाऊक होतं, की ही सुपारी फसणार. तरी सव्वादोन तासांहून मोठा सिनेमा लोक श्वास धरून बघतात. पोट्टे मला विचारतात, "शेवट माहीत असन तर थरार कायचा, सर?" कीचकवधाच्या नाटकात कीचक मरणार हे आपल्या म्हाताऱ्या बायांना ठाऊक नसतं का? तरी त्या पहाटेपर्यंत कांबळं पांघरून बसतातच. माणूस मरतो का, हा प्रश्न एकदाच विचारता येतो. तो कुठवर पोचतो, कोणत्या दारातून आत शिरतो, कोणत्या कागदामुळं अडकतो, हे प्रश्न दर वेळी नव्यानं विचारता येतात.

नव्या सिनेमानं नेमकं उलट केलं. तिथं सगळ्यांना वाटतं निशाणा एफबीआयचा संचालक आहे, आणि शेवटी कळतं की निशाणा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी आहे. झाला एक धक्का. दुसऱ्यांदा पाहताना तिथं काहीच उरत नाही.

पैशाचंच उदाहरण घ्या. जुन्या सिनेमात मारेकरी पाच लाख डॉलर मागतो. एवढी रोकड संघटनेकडं नाही, म्हणून तिची माणसं बँका लुटतात. एकाएकी एवढे दरोडे का पडताहेत, असा पोलिसांना संशय येतो, आणि तपासाचं चाक तिथून फिरायला लागतं. एका आकड्यानं पुढच्या तासाभराची कथा ओढली. नव्या सिनेमात मॉस्कोचा एक माफिया सात कोटी डॉलर कबूल करतो. आकडा एकशेचाळीस पट झाला आणि त्यानं कथेतली एक काडीसुद्धा हलली नाही. माझ्याकडं आलेल्या वह्यांमध्ये सुपारी दर वर्षी वाढते. मी लेखकाला एवढंच विचारतो: हे पैसे कोणी, कुठून आणले, आणि आणताना त्याला कोणी पाहिलं? बहुतेकांकडं उत्तर नसतं.

बंदूक मोठी केली की भीती मोठी होते, हा समज

जुन्या सिनेमातला टरबुजाचा प्रसंग प्रत्येकानं पाठ करावा. मारेकरी रानात जातो. झाडाला जाळीच्या पिशवीत टरबूज टांगतो, त्यावर रंगानं तोंड काढतो. दूर जाऊन बंदूक झाडाला बांधून स्थिर करतो. एक गोळी. चालत येऊन बघतो, कुठं लागली. परत जातो, दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवतो. पुन्हा गोळी. पुन्हा स्क्रू. शेवटी खास बनवलेली स्फोटक गोळी घालतो आणि टरबुजाच्या चिंधड्या उडतात. कोणी बोलत नाही. आपण वैनगंगेच्या रेतीतली टरबुजं लहानपणापासून फोडत आलो, पण हा प्रसंग पाहिल्यावर टरबुजाकडं पहिल्यासारखं बघवत नाही.

ही बंदूकसुद्धा काय, तर एका वेळी एक गोळी मावणारी, लंगड्या माणसाच्या कुबडीत लपणारी नळी. गोळी एकच, म्हणूनच शेवटी जीव टांगणीला लागतो. द गॉल एका जुन्या सैनिकाला पदक लावतात, रिवाजाप्रमाणं गालाला गाल लावायला वाकतात आणि गोळी डोक्यावरून जाते. दुसरी भरायला जे चार-पाच क्षण लागतात, तेवढ्यात पोलीस दारात.

नव्या सिनेमात मोटारीच्या मागच्या भागात बसवलेली, दुरून चालवायची भलीमोठी मशीनगन आहे. तिची चाचणी घेताना मारेकरी ती बसवून देणाऱ्या पोराचा हातच उडवतो. रक्त भरपूर. पण गोळ्या मोजायची गरजच नाही म्हटल्यावर प्रत्येक गोळीची किंमत शून्य झाली.

ही चूक मी स्वतः होऊ दिलेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

तरुणपणी मी एका मंडळीत प्रॉम्प्टर होतो. तिथं एक रहस्यनाटक चालायचं. भाडोत्री मारेकरी कल्हईवाल्याच्या वेशात मालगुजाराच्या (गावच्या जमीनदाराच्या) वाड्याशेजारी उतरतो. तिसऱ्या अंकात रात्री एकटा असताना तो आपला भाता उसवतो. आतून बंदुकीची नळी निघते, कोळशाच्या पोत्यातून दस्ता निघतो, कथिलाच्या डब्यातून छर्रे. मग तो भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, जुळवतो. दारू ओततो, चिंधी कोंबतो, गजानं ठासतो, थांबून कानोसा घेतो, पुन्हा ठासतो. नऊ मिनिटं. एक शब्द नाही. प्रॉम्प्टरला त्या प्रसंगात कामच नव्हतं, म्हणून मी विंगेतून लोक बघायचो. दोन हजार माणूस, आणि खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटायचा आवाजसुद्धा थांबलेला. रडणारं लेकरू आई छातीशी दाबून धरायची, पण नजर रंगमंचावरून काढायची नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी दुसऱ्या एका मंडळीनं तेच नाटक नव्यानं करायचं ठरवलं आणि दिग्दर्शन माझ्याकडं आलं. निर्माता म्हणाला, नऊ मिनिटं मुकं नाटक आता कोण बघते, मोबाइल काढतात लोकं. मी विरोध करायला हवा होता, केला नाही. प्रसंग दोन मिनिटांवर आला. भरमार गेली, लाल दिवे लावलेली हातभर जाड बंदूक आली. बार निघाला की मागं सुतळी बॉम्ब फोडायचा, ऑक्टोपॅडवाल्यानं त्यात भर घालायची, असं ठरलं. पहिल्या प्रयोगाला थंडी कडाक्याची होती. पहिला बॉम्ब फुटला तेव्हा लोक दचकले. दुसऱ्याला लेकरं उठली. तिसऱ्याला समोरच्या रांगेतली पोरं हसली आणि नट बिचारा त्या हसण्यात मेला. रात्री दोनच्या सुमारास मी पाहिलं, लोक सतरंज्या गुंडाळून चहाच्या दुकानाकडं चालले होते.

सकाळी गाडी भरताना एक म्हातारी माझ्याजवळ आली. जुनं नाटक तिनं पाहिलेलं होतं. म्हणाली, "बंदूक मोठी होती गा बापू, पन भेव नाई लागला."

त्या हंगामापासून माझी एक सवय आहे. मूळ कलाकृती आधी एकदा आवाज पूर्ण बंद करून बघतो आणि मारेकऱ्याचे हात काय काय करतात तेवढंच वहीत उतरवतो. संवाद एकही नाही. मग माझ्या संहितेत हातांची कामं लाल पेनानं लिहितो. पानभर लाल शाई नसेल तर ती संहिता मी तालमीला घेत नाही, मग निर्माता कोणीही असो. प्रसंग दोन मिनिटांत उरका म्हणणाऱ्याला मी आता सरळ सांगतो, की माझं नाव काढा.

तपास करणाऱ्याला जुनं वैर चिकटवणं

हा मोह कोणालाच आवरत नाही. नव्या सिनेमात मारेकऱ्याला पकडायला तुरुंगातून आयआरए या आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेचा एक माजी नेमबाज काढतात, कारण त्याच्या जुन्या प्रेयसीनं आणि त्यानं मारेकऱ्याला पाहिलेलं आहे. म्हणजे निम्मा तपास ओळखीवरच भागला. जुन्या सिनेमातला लबेल हा साधा, दमलेला, रात्री घरी बायकोकडं परतणारा पोलीस आहे. त्याचं मारेकऱ्याशी काही वैर नाही. तो हॉटेलांत भरलेली कार्डं गोळा करवतो, पासपोर्टचे अर्ज चाळवतो, परदेशातल्या पोलिसांना फोन लावत बसतो. मंत्र्यांच्या बैठकीतून बातमी फुटतेय असं कळल्यावर तो सगळ्यांचेच फोन ऐकतो, कारण फितूर कोण हे त्याला ठाऊक नसतं. त्या एका कृतीत त्या माणसाचं सगळं धैर्य दिसतं.

आपल्याकडं हे लिहायला तर सोन्यासारखा माल आहे. कोतवाल, पोलीस पाटील, तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा, लॉजच्या रजिस्टरमधली सही. पण पोट्ट्यांना इन्स्पेक्टरच्या बहिणीचा खून आधी हवा असतो.

वेश बदलणं म्हणजे विग नाही

जुन्या सिनेमात प्रत्येक वेश एखादं ठरावीक दार उघडायला आहे. डॅनिश शिक्षकाचा पासपोर्ट आहे तोवर तो त्या नावानं फिरतो. एका पायाचा म्हातारा सैनिक होतो ते पोलिसांच्या साखळीतून आत जायला. नव्यात केस सोनेरी, केस लांब, मिशी आहे, मिशी नाही, असं चालूच राहतं, आणि प्रत्येक वेळी आपल्याला ब्रूस विलिसच दिसतो. झिनेमन यांनी एडवर्ड फॉक्स हा तेव्हा फारसा माहीत नसलेला नट घेतला, तो त्यासाठीच. गर्दीत हरवणारा चेहरा हवा होता. तुमच्या मंडळीतल्या सगळ्यात देखण्या, शिट्ट्या घेणाऱ्या नटाला मारेकरी करू नका.

आपल्या मातीत आणताना फक्त गावाचं नाव बदलणं

पॅरिसमध्ये अनोळखी माणूस आठवडाभर हॉटेलात राहतो आणि कोणी विचारत नाही. आपल्या गावात अनोळखी माणूस एसटीतून उतरला की पानठेल्यावर पोचायच्या आत प्रश्न येतो, "कोनाचा पावना?" संध्याकाळपर्यंत तो कोणत्या जातीचा, कोणाकडं जेवला, हेसुद्धा गावभर होतं. संहितेत मारेकरी आठ दिवस गावात काळा गॉगल लावून हिंडतो आणि त्याला कोणी टोकत नाही, असं दिसलं की मी तिथंच वही मिटतो.

याचं उत्तर गावातच शोधायला हवं. कोणाला कोणी विचारत नाही? उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर (पानं गोळा करायच्या जागी) आलेल्या मुन्शीला. धान कापणीच्या टोळीतल्या मजुराला. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैलजोडी घेऊन आलेल्या माणसाला, कारण तिथं लोक माणसाकडं नाही, बैलाकडं बघतात. तिथं मारेकरी ठेवा. १९८८च्या 'ऑगस्ट १' या मल्याळी सिनेमानं हीच मूळ कल्पना केरळात आणली. निशाणा मुख्यमंत्री केला, मामुट्टीला तपास अधिकारी केला, आणि ते तिथलं वाटतं. नक्कल करायचीच असेल तर त्या मेहनतीची करा.

बाकीच्या, थोडक्यात

संगीत: मारेकरी काम करत असताना ऑर्गनवाल्याला चहाला पाठवा. जुन्या सिनेमात तो बंदूक जुळवतो तेव्हा संगीत नाही.

मारेकऱ्याचं लहानपण दाखवू नका. जुन्या सिनेमात शेवटपर्यंत त्याचं खरं नाव कळत नाही, ज्या नावावर संशय होता तेही चुकीचं निघतं. तो रिकामा कोनाडाच घाबरवतो.

रील बघून रिमेक करू नका. टरबूज फुटतानाचा तुकडा पाहून तो प्रसंग कळत नाही, त्याआधीचा स्क्रू फिरवणं बघावं लागतं. ज्याला सव्वादोन तास बसवत नाही, त्यानं कृपा करून थरार लिहू नये. माझ्याकडं येणाऱ्या दहांपैकी आठांनी मूळ सिनेमा पूर्ण पाहिलेला नसतो, आणि ते तिसऱ्या प्रश्नाला कळतं.

नाव: मूळ नाव घेऊन दुसरीच गोष्ट सांगू नका. १९९७च्या सिनेमाला पूर्ण जुनं नाव वापरायला झिनेमन यांनीच विरोध केला होता, आणि तो अगदी रास्त होता.

आणि एक काम आमच्या भागापुरतं, पण जीवावरचं. नकली बंदूक गाडीत उघडी नेऊ नका. पहाटे तीन वाजता जंगलाच्या रस्त्यावर नाकाबंदीत टॉर्चच्या उजेडात दस्ता दिसला, तर समोरच्या जवानाला नाटक सुचत नाही. एकदा आमची अख्खी मंडळी मेकअपसकट हात वर करून रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि मालगुजाराचं काम करणारा नट म्हातारा, थंडीनं लटपटत होता. त्यानंतर बंदूक सुटी करून पेटीत ठेवतो, पेटीला कुलूप लावतो, प्रयोगाच्या आदल्या दिवशी ठाण्याला लेखी कळवतो, आणि पोच मिळालेली प्रत चालकाच्या वरच्या खिशात घालतो. खिशाचं बटण मी स्वतः लावतो.