दोन पॅनलच्या गावात ग्रामसभा कशी घ्यावी

गावात दोन पॅनल पडले की भांडण कामावरून होत नाही, काम कोणी सुचवलं यावरून होतं. त्यामुळे खरी तयारी सभेआधीच करावी लागते.

सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस किमान 7 दिवस आधी निघायला हवी. फळ्यावर कागद चिकटवून भागवू नका, दवंडी प्रत्येक टोलीवर, म्हणजे वस्तीवर, फिरू द्या. 2 ऑक्टोबरची सभा ऐन सोयाबीन काढणीत येते. सकाळी 11 ची वेळ ठेवली तर मजूर वावरात असतात आणि पारावर उरतात दोन्ही पॅनलचे पुढारी. संध्याकाळची वेळ मागा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू देऊ नका, पाण्याचे आणि नालीचे विषय तिथूनच येतात.

गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या. 600 मतदार असतील तर 90 लोक हवेत, 1,200 असतील तर 100 पुरतात. एक पॅनल मुद्दाम घरी बसलं तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे बहिष्कार टाकणाऱ्याच्या पाठीमागे मूठभर लोक ठराव करून मोकळे होतात. विरोध असेल तर सभेत येऊन नोंदवा.

सगळ्यात जास्त लक्ष ठरावाच्या शब्दांवर द्या. ‘पांदण रस्ता दुरुस्त करावा’ असा ठराव दोन्ही बाजूंना हवा तसा वाकवता येतो. जमिनीच्या कोणत्या गट नंबरापासून कुठपर्यंत, किती मीटर, मुरूम की खडीकरण, पैसा कोणत्या योजनेतून, हे लिहून घ्या. सूचक एका पॅनलचा आणि अनुमोदक दुसऱ्याचा घेतला की ठराव कुणा एकाचा राहत नाही. पैशांचे निर्णय ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात घुसू देऊ नका. पुढची बहुतेक भांडणं तिथंच जन्मतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीनं होतात, एकमत होईपर्यंत विषय थांबतो. त्यात वेळ जातो, पण फाटाफूट झालेल्या गावानं निदान जमिनीचे आणि वाटेचे विषय तरी असेच हाताळावेत.

उठण्याआधी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त, मोठ्यानं वाचायला लावा. हजेरीतल्या शेवटच्या सहीखाली रेघ मारून एकूण आकडा अक्षरात लिहून घ्या, नाहीतर घरोघरी फिरून सह्या वाढतात. ठरावाची नक्कल मागूनही मिळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. अर्जाची पोच मात्र त्याच वेळी घ्या.