आखाजीच्या दुपारी खोट्या अर्थांचा डाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या की जळगावकडच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. माहेरवाशिणी झोक्याकडे, पुरुषमंडळी पत्त्यांकडे. आमच्या घरी मात्र त्या वेळी शब्दकोश निघतो. अवघड शब्दाचा खोटा अर्थ रचायचा आणि तो दुसऱ्याच्या गळी उतरवायचा, एवढाच खेळ.

इंग्रजीत हा जुना घरगुती खेळ आहे. कॅनडात १९८४ साली ‘बाल्डरडॅश’ नावाने तो खोक्यात भरून विकायलाही आला. आपल्याला खोकं नको. कोश, एकसारखे चिटोरे, पेनं आणि पाच ते आठ माणसं पुरे. कोश शक्यतो दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ घ्या. मोल्सवर्थचा १८५७ चा कोशही चालतो, पण त्यातले अर्थ इंग्रजीत. ते आधीच सरळ मराठीत उतरवून ठेवा, नाहीतर भाषांतराचा वास येतो आणि खरा अर्थ लगेच पकडला जातो.

दर डावाला एकजण कोश धरतो. त्याचं खरं काम शब्द निवडण्याचं, आणि इथेच बहुतेक डाव फसतात. आम्ही एकदा ‘थारोळे’ काढला. ‘रक्ताच्या थारोळ्यात’ सगळ्यांनी पेपरात वाचलेलं, त्यामुळे पोरं खूश. तेवढ्यात नानांनी पेन खाली ठेवलं आणि मोटेचं पाणी विहिरीच्या काठावर ज्यात पडतं ते थारोळं, इथपासून बैल, नाडा, धाव असं सगळं सांगत बसले. डाव तिथेच संपला. घरात शेती केलेलं माणूस असेल तर औतफाट्याचे शब्द टाळा. शिवाय नियमच करा: ज्याला अर्थ माहीत आहे त्याने गुपचूप हात वर करायचा, शब्द बदलायचा.

ओळखीचा वाटणारा पण अर्थ माहीत नसलेला शब्द सर्वांत चांगला. जळगावच्या माणसाला ‘वाघूर’ म्हटलं की नदी नाहीतर धरण आठवतं. कोशात ते जाळं आहे, शिकारीचं. मेंढ्या कोंडायला धनगर लावतात तेही. हा शब्द दिलात की वाघाची पिल्लं, वाघाचा वास, वाघाची गुहा, सगळं चिटोऱ्यांवर येतं.

शब्दाबरोबर त्याचं लिंगही सांगून टाका. ‘ओगराळे’ नपुंसकलिंगी आहे हे कळलं की कोणी ‘रागीट बाई’ लिहून हसं करून घेत नाही. (ओगराळं म्हणजे आमटी वाढायचं उभ्या दांड्याचं पात्र.)

आता प्रत्येकाने खोटा अर्थ लिहायचा. कोशाची भाषा कोरडी असते, तशीच लिहा. ‘पूर्वीच्या काळी राजेलोक...’ अशी सुरुवात केली की गेलात. एक ओळ पुरे, आणि तिच्यात एखादा बारीक तपशील: पितळेचे, दोन हात लांबीचे, फक्त पावसाळ्यात वापरायचे. आमची दहा वर्षांची भाची प्रत्येक अर्थाच्या शेवटी ‘(ल.) आळशी मनुष्य’ जोडते. लाक्षणिक अर्थ दिसला की मोठी माणसं हमखास फसतात.

कोशवाल्याने खरा अर्थ तसल्याच चिटोऱ्यावर लिहून बाकीच्यांत मिसळायचा. मग सगळे चिटोरे आधी मनात वाचायचे. वाचताना अक्षराला अडखळलात तर तो चिटोरा कोणाचा ते सर्वांना कळतं. दोनदा वाचा, पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा मत द्यायचं. मतं बोटांनी एकदम दाखवायची, नाहीतर सगळे थोरल्या मामाच्या मागे जातात.

खरा अर्थ ओळखला तर दोन गुण. तुमच्या खोट्या अर्थाला पडलेल्या प्रत्येक मताला एक. कोणीच ओळखला नाही तर कोशवाल्याला दोन. मग कोश पुढच्याकडे.

पुण्याची पाहुणे मंडळी आली असतील तर एक फेरी अहिराणीची ठेवा. त्यात कोश लागत नाही. खोटे अर्थ घरच्यांनी लिहायचे, ओळखायचं पाहुण्यांनी. मागच्या खेपेला ‘आंडोर’ दिला. म्हणजे मुलगा. पण बहुतेक मतं ‘कोंबडी अंड्यांवर बसते ती टोपली’ या अर्थाला पडली. तो लिहिला होता आजीने, जी फसलेल्या पोरांच्या बापाची ओळख ‘हाऊ मना आंडोर’ अशी करून देते.