गोचिडांचं औषध आणि घरातली मांजरं
फाल्गुनात ऊन वाढलं की कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड दिसू लागतात. तात्पुरत्या सांभाळाला आलेली कुत्री-मांजरं एकाच घरात असतील, तर गोचिडांच्या औषधाच्या पाकिटावर ‘परमेथ्रिन’ (एक कीटकनाशक) लिहिलंय का, ते आधी वाचा. कुत्र्याला चालणारं हे द्रव्य मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही; अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. औषध ओलं असताना मांजर कुत्र्याला बिलगलं किंवा त्याला चाटलं, तरी धोका आहेच. मी तर म्हणेन, अशा घरात परमेथ्रिन आणूच नका. डॉक्टरांकडून दुसरं औषध घ्या, तेही प्रत्येकाचं वजन करून. चुकून मांजराला परमेथ्रिन लागलंच, तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने लगेच धुवा आणि तडक दवाखाना गाठा; थरथर सुरू व्हायची वाट पाहू नका.