मोबाइलच्या चित्रफिती एडिटिंगला घेण्यापूर्वी

लातूर, परभणीकडच्या लग्नांत मुख्य कॅमेऱ्याच्या चित्रणासोबत नातेवाइकांच्या मोबाइलवरचे तुकडेही एडिटरच्या हाती येतात आणि मंगलाष्टकांच्या लांब फितीत सुरुवातीला जुळलेला भटजींचा आवाज शेवटी ओठांच्या मागे-पुढे सरकलेला दिसतो. दोष बहुधा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा नसतो. मोबाइल दर सेकंदाला ठरावीक फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, न टिपता प्रकाशानुसार त्यांची संख्या कमी-जास्त करतो, त्यामुळे एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज यांचा मेळ हळूहळू सुटतो.

फाइल तशी आहे का, हे पाहण्यासाठी संगणकावर मीडियाइन्फो हे फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर ठेवावे. त्यात फाइल उघडून ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसले, तर ती फाइल थेट टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, न टाकता आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढावी. हेही मोफतच आहे. त्याच्या व्हिडिओ विभागात प्रकल्पाचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम, निवडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर (कायम एकच वेग) खूण करावी आणि गुणवत्तेचा आरएफ आकडा १८ च्या आसपास ठेवावा, हा आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. मूळ फाइल मात्र काम हातावेगळे होईपर्यंत पुसू नये.

विंडोजवर कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डमधील चित्रण उतरवताना टेराकॉपी या फाइल कॉपी करण्याच्या सॉफ्टवेअरची ‘व्हेरिफाय’, म्हणजे उतरलेली फाइल मुळाशी ताडून पाहण्याची, सोय चालू ठेवावी, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट उतरलेली फाइल नावावरून ओळखू येत नाही. पडताळणीला वेळ लागतो, पण कार्ड त्यानंतरच रिकामे करावे.