गेटच्या तयारीत या चुका टाळा : येत असलेले गुण नेमके कुठे गळतात

फेब्रुवारीत गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठी आणि अनेक सार्वजनिक कंपन्यांच्या नोकरभरतीसाठी लागणारी परीक्षा होते, आणि त्यानंतर काही दिवसांनी प्रत्येक उमेदवाराला स्वतःची रिस्पॉन्स शीट, म्हणजे त्याने दिलेल्या उत्तरांची नोंद, पाहायला मिळते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर ही शीट घेऊन बसताना मी नेहमी एक काम करायला सांगतो : गेलेल्या प्रत्येक गुणासमोर तो ‘येत नव्हता म्हणून गेला’ की ‘येत असूनही गेला’, एवढेच लिहायचे. दुसऱ्या रकान्यातली बेरीज मुलांच्या अंदाजापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठी निघते, आणि ती पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहवत नाही, कारण वर्षभराची मेहनत खरी असते. या लेखात मुख्यतः त्या दुसऱ्या रकान्याविषयी लिहिले आहे.

आधी परीक्षेची रचना पाहू. एकूण वेळ ३ तास, प्रश्न ६५ आणि गुण १००. त्यांपैकी ३० प्रश्न एका गुणाचे आणि ३५ प्रश्न दोन गुणांचे असतात. जनरल ॲप्टिट्यूडचे १५ गुण सर्व पेपरांना समान असतात, आणि मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स यांसारख्या प्रमुख शाखांत अभियांत्रिकी गणिताला १३ गुण असतात. म्हणजे मूळ विषयाला हात लावण्यापूर्वीच २८ गुण ठरलेले असतात. तरीही ॲप्टिट्यूड ‘शेवटच्या आठवड्यात बघू’ म्हणून बाजूला ठेवले जाते आणि गणित ‘बारावीपासून येतेच आहे’ म्हणून. एखाद्या अवघड विषयाच्या पाच-सहा गुणांसाठी महिना घालवणारा विद्यार्थी या २८ गुणांना आठवडाही देत नाही, आणि मला ही तयारीतली सर्वांत महागडी चूक वाटते. लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स यांचे प्रश्न ओळखीच्या साच्यांतून येतात. रोज अर्धा-पाऊण तास सलग चार महिने दिला, तर हा भाग पक्का होतो.

समजले म्हणजे सुटले, हा समज

क्लासमध्ये किंवा एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या) व्हिडिओत शिक्षक उदाहरण सोडवत असतात, आपण वहीत उतरवून घेत असतो, प्रत्येक पायरी पटत असते आणि तासाच्या शेवटी विषय आला असे वाटते. ही भावना प्रामाणिक असते, पण तिचा परीक्षेशी संबंध नसतो, कारण परीक्षेत पहिली पायरी कोणती हे सांगणारे कोणी नसते. उदाहरणार्थ, कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला पक्क्या बसवलेल्या, बीमच्या मोकळ्या टोकाला भार दिला तर डिफ्लेक्शन किती, म्हणजे टोक किती खाली झुकेल, याचे सूत्र मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्याच टोकाखाली एक स्प्रिंग ठेवली की अनेकांचा हात थांबतो. इथे नवे सूत्र लागत नाही. बीमचे टोक जितके खाली येईल तितकीच स्प्रिंग दाबली जाईल, हे एक समीकरण स्वतः मांडायचे असते. ते मांडण्याची सवय दुसऱ्याने मांडलेले पाहून लागत नाही.

म्हणून माझा आग्रह असा असतो की, सिद्धान्ताच्या प्रत्येक तासामागे किमान तेवढाच वेळ उत्तर झाकून प्रश्न सोडवण्यात जावा, आणि प्रश्न अडला तर दोन मिनिटांत उत्तर उघडण्याऐवजी पंधरा मिनिटे त्याच्याशी झुंजावे. त्या पंधरा मिनिटांत काहीच हाती लागले नाही असे वाटते, पण नेमके कुठे अडलो हे तेव्हाच कळते. त्यानंतर उत्तराची फक्त पहिली ओळ वाचावी, पुन्हा झाकावे आणि पुढे स्वतः जावे. पूर्ण उत्तर वाचून समजलेला प्रश्न आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवून पाहावा. तो तेव्हा सुटला नाही, तर तो अजून आपला झालेला नाही.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे नोट्सचा ढीग. दोन क्लासच्या नोट्स, सीनिअरची झेरॉक्स, टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ आणि वर तीन प्रश्नसंच एवढे साहित्य जमवले की अभ्यास चालू असल्याचे समाधान मिळते. एका विषयाला एक पुस्तक, एक वही आणि मागील वर्षांचे प्रश्न यापलीकडे बहुतेकांना काही लागत नाही.

मागील वर्षांचे प्रश्न शेवटासाठी राखून ठेवणे

‘आधी अभ्यासक्रम पूर्ण करू, मग जानेवारीत जुने पेपर सोडवू’ ही योजना ऐकायला शिस्तीची वाटते, पण अभ्यासक्रम जानेवारीपर्यंत पूर्ण होत नाही आणि जुने पेपर घाईत उरकले जातात. प्रकरण संपले की त्याच आठवड्यात त्या प्रकरणावरचे मागील १५-२० वर्षांचे प्रश्न सोडवणे अधिक उपयोगाचे असते. गेट एखाद्या संकल्पनेला कोणत्या बाजूने हात घालते, किती खोल जाते आणि कशाला कधीच स्पर्श करत नाही, हे त्यातूनच कळते. अलीकडचे दोन-तीन पेपर मात्र अख्खे, तीन तास लावून सोडवण्यासाठी वेगळे ठेवावेत.

जुने प्रश्न वापरताना एक सावधगिरी बाळगावी. एकापेक्षा अधिक पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न, म्हणजे एमएसक्यू, २०२१ पासून आले. त्यापूर्वीचे पेपर सोडवून या प्रकाराचा सराव होत नाही. इथे सर्व बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही तरच गुण मिळतात, अंशतः गुण नसतात. त्यामुळे जुन्या एकपर्यायी प्रश्नांतही ‘उरलेले तीन पर्याय का चूक आहेत’ हे प्रत्येक वेळी लिहून काढावे, म्हणजे एमएसक्यूला लागणारी नजर तयार होते.

कॅल्क्युलेटर आणि संख्यात्मक उत्तरे

चार वर्षे हातातल्या कॅसिओवर गणिते केलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत तो नेता येत नाही. पडद्यावरचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर माऊसने चालवावा लागतो, आणि त्याची पद्धत वेगळी आहे : साइन किंवा लॉग काढायचा असेल तर आधी संख्या द्यायची आणि मग फंक्शनचे बटण दाबायचे. कोन डिग्रीत घेतला जातो आहे की रेडियनमध्ये, हेही दर वेळी पाहावे लागते. परीक्षेच्या दिवशी हे पहिल्यांदा शिकणाऱ्याची पाच ते दहा मिनिटे सहज जातात. गेटच्या संकेतस्थळावर सरावासाठी मॉक टेस्ट दिलेली असते, तिच्यात हा कॅल्क्युलेटर असतो. ऑक्टोबरपासून घरचा कॅल्क्युलेटर कपाटात ठेवून फक्त हाच वापरावा.

संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांत, म्हणजे नॅटमध्ये, पर्याय नसल्यामुळे आपली चूक कुणी दाखवून देत नाही. सर्वाधिक आढळणारी चूक मधल्या पायरीत केलेले पूर्णांकन ही आहे. दोन तृतीयांश म्हणून ०.६७ घेतले आणि पुढे १५० ने गुणले, तर १०० ऐवजी १००.५ येते, आणि उत्तराची मान्य मर्यादा ९९.९ ते १००.१ असेल तर संपूर्ण रीत बरोबर असूनही दोन गुण जातात. पूर्णांकन फक्त शेवटच्या पायरीत करावे. त्याखालोखाल एककांची चूक येते. प्रश्न किलोन्यूटनमध्ये विचारलेला असतो आणि आपण न्यूटनमध्ये लिहितो. उत्तर भरण्यापूर्वी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचण्याचे पाच सेकंद दर वेळी द्यावेत.

निगेटिव्ह मार्किंगची अवास्तव भीती आणि अवास्तव धाडस

निगेटिव्ह मार्किंग फक्त एकपर्यायी प्रश्नांना आहे : एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. एमएसक्यू आणि नॅट यांना ते नाही, म्हणून हे प्रश्न कोरे सोडण्यात काहीच अर्थ नाही. तरीही रिस्पॉन्स शीटवर ते कोरे दिसतात.

एकपर्यायी प्रश्नांत थोडा हिशेब करू. चारही पर्यायांविषयी काहीच माहीत नसताना ठोकलेल्या उत्तराची सरासरी प्राप्ती शून्य येते, कारण चारांत एकदा मिळणारा एक गुण तीनदा गेलेल्या एक तृतीयांशाने फिटतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर प्राप्ती एक नवमांश गुण होते. दोन बाद झाले, तर एक तृतीयांश. म्हणजे खात्रीने एक जरी पर्याय बाद झाला असेल तर उत्तर देणे फायद्याचे आहे. यात ‘खात्रीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकके जुळत नाहीत, टोकाच्या स्थितीत उत्तर अशक्य येते, चिन्ह उलटे आहे, अशा कारणाने बाद केलेला पर्याय खरा बाद होतो. ‘हा बरोबर वाटत नाही’ एवढ्यावर बाद केलेला पर्याय अनेकदा तोच बरोबर निघतो. मॉक टेस्टमध्ये अंदाजाने दिलेल्या उत्तरांना कच्च्या कागदावर खूण करून ठेवावी आणि नंतर त्यांतून किती गुण मिळाले आणि किती गेले, हे पाहावे. स्वतःच्या अंदाजावर किती विसंबावे, ते त्यावरूनच ठरवावे.

एक-दोन गुणांचे वजन मुलांना कळत नाही, म्हणून स्कोअरचेही गणित सांगतो. पात्रतेच्या गुणांना ३५० स्कोअर आणि वरच्या मोजक्या उमेदवारांच्या सरासरी गुणांना ९०० स्कोअर धरून मधले अंतर सरळ प्रमाणात वाटले जाते. समजा पात्रता २८ गुणांना आणि वरची सरासरी ८० आहे, तर ५४ गुणांना ६२५ स्कोअर मिळेल आणि प्रत्येक गुणाला साडेदहाच्या आसपास स्कोअर येईल. दोन गुणांचे दोन येणारे एकपर्यायी प्रश्न निष्काळजीपणे चुकले, तर दंडासह ५.३३ गुण, म्हणजे सुमारे ५६ स्कोअर जातो. पात्रतेचे गुण आणि वरची सरासरी हे दोन्ही आकडे दर वर्षी आणि दर पेपरला बदलतात, म्हणून ‘गेल्या वर्षी एवढ्या गुणांना अमुक आयआयटी मिळाली’ हा हिशेब या वर्षी लावू नये.

उत्तर निवडले, पण नोंदले गेले नाही

पर्याय निवडल्यावर ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबले नाही आणि प्रत्येक प्रश्नाची स्थिती रंगाने दाखवणाऱ्या उजवीकडच्या चौकटीतून थेट दुसऱ्या प्रश्नाच्या क्रमांकावर क्लिक केले, तर निवडलेले उत्तर जतन होत नाही. उत्तर देऊन पुनर्विचारासाठी खूण केलेला प्रश्न तपासला जातो, पण उत्तर न देता नुसती खूण केलेला प्रश्न कोराच राहतो. शेवटच्या दहा मिनिटांत घाईने मागे-पुढे उड्या मारताना हे घडते, त्यामुळे ती दहा मिनिटे नवीन प्रश्नाला न देता चौकटीतले रंग तपासायला राखून ठेवावीत.

टेस्ट सिरीजमधले गुण पुढे सरकत नसतील तर

दोन महिने ४५ ते ५० च्या दरम्यान अडकलेला विद्यार्थी बहुधा आणखी टेस्ट देऊ लागतो. त्याऐवजी टेस्ट थांबवून मागच्या पाच टेस्टमधल्या प्रत्येक चुकीला नाव द्यावे : संकल्पनाच माहीत नव्हती, सूत्र विसरलो, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ पुरला नाही. पहिल्या कारणावर पुन्हा पुस्तक हाच उपाय आहे, दुसऱ्यावर सूत्रांची छोटी वही आणि दर रविवारी तिची उजळणी. आकडेमोडीच्या चुका बहुधा कच्च्या कामाच्या पसाऱ्यातून होतात, म्हणून स्क्रिबल पॅडवर, म्हणजे कच्च्या कामाच्या वहीवर, प्रश्न क्रमांक लिहून, रेघ मारून, वरून खाली लिहिण्याची सवय लावावी. वेळ पुरत नसेल, तर एका प्रश्नावर चार मिनिटांपेक्षा अधिक वेळ कुठे गेला ते पाहावे. सरासरीने एका गुणाला १.८ मिनिटे मिळतात, आणि हट्टाने धरून ठेवलेला एक प्रश्न पुढचे तीन सोपे प्रश्न खातो. तीन तासांची टेस्ट दिल्यावर तिच्या विश्लेषणाला तेवढाच वेळ देता येत नसेल, तर ती टेस्ट पुढे ढकललेली बरी.

अर्जापासून प्रवेशापर्यंत

महाराष्ट्रातल्या मुलांना नावाची अडचण हमखास येते, कारण आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि ओळखपत्रावर क्रम वेगळा असतो. अर्जातले नाव परीक्षेला नेण्याच्या ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे, म्हणून आधारवर दुरुस्ती हवी असेल तर ती अर्ज सुरू होण्यापूर्वीच, जून-जुलैत करून घ्यावी. दुसरी अडचण प्रवर्गाची आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग केंद्रीय संस्थांत त्या नावाने नाहीत. त्यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागते आणि राज्याच्या नमुन्यातले चालत नाही. तहसील कार्यालयातून ते मिळायला वेळ लागतो.

निकालानंतरची चूक मला सर्वांत जास्त हळहळ लावते, कारण तोपर्यंत अभ्यासाचे सगळे कष्ट झालेले असतात. कोॲप या आयआयटींच्या एम.टेक. ऑफरच्या पोर्टलवर नोंदणी केली म्हणजे आयआयटीत अर्ज केला असे होत नाही. प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि कोॲपवर फक्त आलेल्या ऑफर दिसतात व स्वीकारता येतात. एनआयटींसाठी सीसीएमटी ही वेगळी प्रक्रिया आहे, आणि राज्यातल्या एम.टेक. प्रवेशांसाठी सीईटी कक्षाची आणखी वेगळी, जिच्यात वैध गेट स्कोअर असलेल्यांचा विचार आधी होतो. स्कोअर निकालापासून ३ वर्षे वैध असतो, मात्र नोकरभरती करणाऱ्या अनेक सार्वजनिक कंपन्या त्याच वर्षाचा स्कोअर मागतात. मार्चमध्ये निकाल लागला की त्याच आठवड्यात एका कागदावर संस्था, विभाग, अर्जाची शेवटची तारीख आणि लागणारी कागदपत्रे असे चार रकाने आखावेत आणि तो कागद घरातल्या आणखी एका माणसाच्या हाती द्यावा.